पाहुण्याचा नियम



चातुर्मास लागला की आपल्या स्वाध्याय मंडळात एक प्रश्न हमखास येतो, "ताई, यंदा वाचन कोणतं?" यंदा मी सकाळी रत्नकरंड श्रावकाचार वाचते आहे आणि दुपारी, मागचं आवरून झालं की, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. हे सांगितल्यावर फोनवरच्या स्वाध्यायात जरा शांतता झाली. मग एकीने विचारलं, "ख्रिस्ती बाईंचं पुस्तक? तेही चातुर्मासात?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, म्हणून उत्तरही नीट द्यावं असं वाटलं. फोनवर ते जमलं नसतं. म्हणून इथे लिहिते.

आधी लक्ष्मीबाईंची ओळख करून देते. पुष्कळजणींनी त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल आणि मग संसाराच्या रगाड्यात विसरलंही असेल.

जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनू गोखले. आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात फाशी झाली. त्यानंतर मनूच्या वडिलांना सोवळ्याचा असा काही ध्यास लागला की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. बायकोमुलांचे त्यापायी फार हाल झाले. अशा घरातली ही मुलगी अकराव्या वर्षी लग्न होऊन नारायण वामन टिळकांच्या घरी आली. टिळक म्हणजे आपण लहानपणी ज्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखायचो ते. विद्वान, दयाळू, तापट, आणि पैशाच्या बाबतीत अगदी बेहिशेबी! किराणा आणायला दिलेले पैसे घेऊन गेले आणि शोभेची दौत घेऊन परत आले, असा त्यांचा कारभार. मी बी.कॉम. झालेली बाई. आमच्या दुकानाच्या वह्या मी तीस वर्षं लिहिल्या आहेत. तो दौतीचा प्रसंग वाचताना हसू आलं आणि त्या बाईच्या जागी माझ्या पोटात गोळाही आला. घरात डाळ नाही आणि समोर दौत!

टिळक आपल्या नागपूरलाही होते. बुटींच्या आश्रयाने त्यांचं संस्कृत ग्रंथांचं काम चाललेलं असे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल दिलं. ते त्यांनी वाचलं, पुढे खूप पत्रव्यवहार केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला सोबत न घेता, तिला न सांगता.

आपण कल्पना करून बघू या. पदरात लहान मुलगा. माहेर सोवळ्याचं. आणि नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी गावभर. लक्ष्मीबाईंनी पुढची जवळजवळ पाच वर्षं नाशिक-पंढरपूरकडे नातलगांच्या आधाराने काढली. नवरा जिवंत, पत्रं लिहितो, बोलावतो. पण जायचं तर सगळं सोडून जायचं. त्या दुःखात त्या कविता करू लागल्या. अक्षरओळख टिळकांनीच लग्नानंतर करून दिलेली. म्हणजे ज्या माणसाने दुःख दिलं त्यानेच ते लिहायला अक्षरंही दिलेली होती.

शेवटी त्या गेल्या. पण धर्म सोडून गेल्या नाहीत. नवऱ्याकडे गेल्या. माझा धर्म माझ्याजवळ राहील, माझी चूल वेगळी, माझं पाणी वेगळं, ही त्यांची अट. आणि टिळकांनी ती मानली. मैत्रिणींनो, मला या सगळ्या पुस्तकात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटली. ज्या माणसाने जातपात सोडण्यासाठी स्वतःचं सगळं आयुष्य उधळून दिलं, त्याने आपल्या घरात बायकोचं सोवळं चालू दिलं. 'मी एवढा पुढे आलो, तू का मागे?' म्हणून जबरदस्ती केली नाही. ती तिच्या पायांनी येईल तितकंच येऊ दिलं.

आणि त्या आल्याही. त्याच घरात राहून, आजूबाजूची माणसं बघून, त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर त्यांचं त्यांनाच मिळालं. त्यानंतर कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं, आणि १९०० साली राहुरीला बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. पाच वर्षं दूर राहून आणि नंतर एका छपराखाली वेगळी चूल मांडून, मग झाल्या. आपल्याकडे सम्यक श्रद्धेची चर्चा करताना महाराज सांगतात की कुळाने मिळालेला धर्म परीक्षा करून स्वतःचा करावा लागतो. धर्म वेगळा असेल. पण परीक्षा या बाईंनी केली होती, एवढं नक्की.

त्यानंतरचं त्यांचं घर म्हणजे धर्मशाळाच. टिळक कोणालाही घेऊन येत. अनाथ मुलं, रस्त्यावरचे आजारी, कवी, विद्यार्थी. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, प्लेग आला तेव्हा जिथे सख्खे नातलग रोग्याला सोडून पळत होते तिथे लक्ष्मीबाई छावणीत शुश्रूषेला उभ्या राहिल्या. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले, तर त्यांनाही पोटच्या मुलासारखं सांभाळलं. पदरी घेतलेल्या मुलांची तर गणतीच नाही. आणि हे सगळं सांगताना कुठे म्हणून मोठेपणा नाही. स्वतःच्या फजित्याच जास्त सांगतात. मी दुपारी एकटीच हसते म्हणून नातवाने विचारलं, "आजी, मोबाईल बघते का?"

१९१९ च्या ९ मे ला टिळक गेले. त्यांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं होतं, त्याचे थोडेच अध्याय झाले होते. जिला नवऱ्याने अक्षरं गिरवायला शिकवली त्या बाईने उरलेला ग्रंथ पुढे नेला, एकेक करत साठाच्या वर अध्याय लिहिले! मुलाच्या संसाराबरोबर कराचीलाही राहून आल्या. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून दे, म्हणून मुलगा मागे लागला, त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं. १९३४ पासून ते भागाभागाने छापून आलं आणि २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या.

आता माझी स्वतःची एक आठवण सांगते, कारण लक्ष्मीबाईंचं घर वाचताना मला सारखी तीच बाई दिसत होती.

मी अमरावतीला कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. माझी एक वर्गमैत्रीण ख्रिस्ती होती. तिची आई शाळेत शिक्षिका. परीक्षेच्या दिवसांत आम्ही दोघी तिच्या घरी अभ्यासाला बसायचो. पहिल्या दिवशी मी अवघडून सांगितलं, "मावशी, मी सूर्यास्तानंतर जेवत नाही, आणि कांदे-आलू चालत नाहीत. मी घरूनच खाऊन येत जाईन." त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले तर ओट्यावर एक नवं कोरं पातेलं, एक नवी तवी आणि पाणी गाळायला दुहेरी पांढरं कापड. म्हणाल्या, "हे तुझं. यात आमचं काही शिजणार नाही. तुझ्या आईला विचारून ये, आणखी काय पाळावं लागतं ते." माझ्या आईने सांगून पाठवलं की गाळलेलं पाणी अठ्ठेचाळीस मिनिटांत वापरावं, आणि कापडावर राहिलेलं हळूच परत पाण्यातच सोडावं. मावशींनी ते वहीच्या पानावर लिहून भिंतीला लावलं. शाळेतल्या बाई ना!

रोज साडेपाचला त्या आम्हाला उठवून जेवायला बसवत. भाकरी, मुगाचं वरण, कधी कोहळ्याची भाजी. स्वतः मात्र रात्री जेवत. जेवणाआधी त्या डोळे मिटून दोन मिनिटं प्रार्थना करत, तेवढ्यात मी मनात णमोकार म्हणून घेत असे. त्यांनी मला कधी चर्चमध्ये ये म्हटलं नाही, मीही त्यांना कधी काही पटवायला गेले नाही. रविवारी मात्र त्या घरी नसत. चर्चमधून थेट दवाखान्यात कोणाला तरी डबा घेऊन जात. मी बी.कॉम. पास झाले तेव्हा पेढे द्यायला गेले, तर पेढा आधी येशूच्या तसबिरीपुढे ठेवला आणि मग तोंडात टाकला.

त्या पातेल्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मावशी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण चाळीस वर्षांपासून कोणी 'पाहुणचार' म्हटलं की मला पुरणपोळी आठवत नाही, ते नवं पातेलं आठवतं.

का, ते सांगते. आपण जैन बायका जगात फिरतो त्या दुसऱ्यांच्या समजूतदारपणावर. रेल्वेत, लग्नात, मुलांच्या सासरी, सगळीकडे कोणीतरी आपल्यासाठी वेगळं शिजवतं, लवकर वाढतं, आपला नियम पाळतं. आपण त्याला आपला हक्क समजायला लागतो. पण समोरच्याचा तो नियम नसतो. तो फक्त आपल्याला मान देत असतो. टिळकांनी घरात बायकोचं सोवळं राहू दिलं, मावशींनी माझ्यासाठी पातेलं आणलं, ही एकच गोष्ट आहे. पाहुण्याला आपल्यासारखं न करता त्याचा नियम आपल्या घरात पाळता येणं, हा खरा पाहुणचार.

आता शास्त्राचं बघू. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडात श्रावकाने द्यायच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: आहार, औषध, उपकरण आणि आवास. मुख्यतः ते मुनींसाठी, व्रतींसाठी आहे, हे मला माहीत आहे. आदिपुराणात जिनसेनाचार्यांनी दानाचे चार प्रकार केले आहेत: पात्रदत्ती, समदत्ती, अन्वयदत्ती आणि दयादत्ती. पात्रदत्ती साधूंना, समदत्ती आपल्यासारख्याच श्रावकांना, अन्वयदत्ती म्हणजे घरदार मुलाच्या हाती सोपवणं. आणि दयादत्ती? ती कोणत्याही दुःखी जीवाला. तिथे धर्म विचारायचा नाही, जात विचारायची नाही, त्याची भीती जावी एवढंच बघायचं. मी हिशेबाची बाई, म्हणून मला ही चार खाती फार आवडतात. आपली पहिली तीन खाती भरलेली असतात. मुनिमहाराज येणार कळलं की आपण पहाटेपासून शुद्ध चौका लावतो, दारात उभं राहून पडगाहन करतो. चौथ्या खात्याचं पान मात्र पुष्कळ घरांत कोरं असतं. लक्ष्मीबाईंचं चौथं खातं भरून वाहत होतं. प्लेगचा रोगी, टाकून दिलेलं मूल. तत्त्वज्ञान आपलं आणि त्यांचं वेगळं आहे. त्या म्हणणार, प्रभू क्षमा करील. आपण म्हणणार, बाई, कर्म ज्याचं त्यालाच भोगून संपवावं लागतं. हा फरक मी पुसून टाकत नाही. पण खातं उघडून बघितलं तर तिथे काय लिहिलंय तेही लपवता येत नाही.

आणि हे नुसतं वाचनापुरतं राहिलं नाही, म्हणून तर लिहायला बसले.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. बाहेरगावची मुलंमुली खोल्या शोधत फिरतात. आषाढात एक मुलगी आमच्याकडे आली. वरची खोली रिकामी होती. बोलण्यात गोड, सामान म्हणजे एक बॅग आणि पुस्तकांची पिशवी. आडनाव विचारलं, तिने सांगितलं, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "काकू, मी ख्रिस्ती आहे. तीन घरांतून परत आले. तुम्हाला नसेल जमत तर आत्ताच सांगा, मी शेवटच्या बसने अमरावतीला परत जाईन."

माझ्या थोरल्या जाऊबाई बाजूलाच तांदूळ निवडत होत्या. त्या मला आत घेऊन गेल्या. "काहून व, सासूबाईच्या चौक्यावर आता हे दिवस आणतं का? महाराज आले तं आहार कसा द्याचा आपन?" त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. या घरात चार वेळा मुनींचा आहार झालाय. सासूबाईंनी मरेपर्यंत विहिरीचं पाणी स्वतः गाळलं. हे सगळं माझ्याही जिवाजवळचं आहे.

मी जाऊबाईंना म्हटलं, "बाई, चौका खाली आहे, खोली वर आहे. जिना वेगळा आहे. आणि मी भाडं घेणार आहे, हे काही दान नव्हे." मग बाहेर येऊन मुलीला स्पष्ट सांगितलं, "बेटा, या घरात अंडं-मांस येत नाही, वरच्या खोलीतही नाही. खालच्या चौक्यात मी कोणालाच जाऊ देत नाही, माझ्या सख्ख्या भाच्यालाही नाही. तुझी प्रार्थना, तुझा क्रूस, तुझं पुस्तक, त्यात माझं काही म्हणणं नाही. जमेल का?" तिने बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "काकू, पाणी किती वाजता भरायचं?"

'स्मृतिचित्रे' तिच्याच पिशवीतलं आहे. तिला अभ्यासाला आहे म्हणून दुपारी ती विद्यापीठात गेली की मी वाचते. पानांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या मी पुसत नाही.

एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "काकू, म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथे लिहिलं, महदंबेने इथे धवळे गायले. मराठीतली पहिली कवयित्री तुमच्या गावची." मी लग्न होऊन या गावात आले त्याला चाळीस वर्षं होत आली. गोविंदप्रभूंच्या दर्शनाला येणारे महानुभाव पंथाचे लोक रोज बघते. गोविंदप्रभू कोणाच्याही घरात शिरत, कोणाकडेही खात, शिवाशिव मानत नसत, हे इथलं लहान पोरही सांगतं. पण महदंबा आणि लक्ष्मीबाई या दोघींना मी कधी एका ओळीत बसवलं नव्हतं. एक बालविधवा, श्रद्धेपायी घर सोडून इथे येऊन राहिलेली. दुसरी सहाशे वर्षांनंतरची, आधी नवऱ्याला आणि मग सोवळ्याला मुकलेली. दोघींनी आपापल्या देवाचं गाणं साध्या बायकांच्या मराठीत केलं. आपल्या आर्यिका माताजींचे केशलोच आपण डोळ्यांत पाणी आणून बघतो. घर सोडताना या बायांच्या मनाचं काय झालं असेल, ते आपल्याइतकं कोणाला कळणार?

ज्यांना काळजी वाटते त्यांच्यासाठी एवढं सांगते. माझी श्रद्धा त्या मुलीच्या येण्याने कमी झालेली नाही. उलट, घरात कोणीतरी विचारणारं असलं की आपल्याला आपला धर्म नीट सांगावा लागतो. तिने विचारलं, जमिनीखालचं का खात नाही? मी अनंतकाय जीवांचं सांगितलं, सांगता सांगता मीच पुन्हा पुस्तक उघडून बघितलं. मुक्तागिरीला गेलो तेव्हा तिलाही नेलं. धबधबा बघून खूश झाली, मंदिरांत हात जोडून शांत उभी राहिली, आणि पायऱ्यांवर माझी पिशवी तिनेच उचलली.

जाऊबाई अजून तिच्या हातचा चहा घेत नाहीत. मी त्यांना काही म्हणत नाही. लक्ष्मीबाईंनाही कोणी घाई केली नव्हती. परवा पाऊस फार होता, लाईट गेलेली. जाऊबाई अंधारात जिन्याखाली उभ्या राहून वर ओरडल्या, "पोरी, मेणबत्ती हाये का तुयाजवळ?" वरून ती म्हणाली, "आहे, आजी!" तर या म्हणतात, "मंग लावून घे. अन् तो जिना ओला हाये, खाली नको येऊ."

मैत्रिणींनो, पुस्तक ग्रंथालयात सहज मिळतं. पर्युषणाच्या आधी वाचून झालं तर क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्याजणी त्यावर बोलू. कोणाचं म्हणणं माझ्यापेक्षा वेगळं असेल तर तेही ऐकायचंय. अनेकान्त आपण नुसता पाठ करत नाही ना?

जय जिनेंद्र.